तात्यांच्या डोक्याला सोसेल अशी टोपी

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. दारामागच्या खिळ्याला पिशव्या साठतात तसे ते साठत जातात आणि एक काढायला गेलं की दहा अंगावर पडतात. आमच्या बिल्डिंगमधले तर सगळेच्या सगळे एकाच विषयावरचे आहेत. तो विषय म्हणजे आमच्या घरमालकांचं डोकं. पाहुणे आले, चहा झाला, की आमचा मिलिंद हळूच म्हणतो, "वैशाली, तात्यांचं सांग ना." मला तेवढंच हवं असतं.

आधी माणसं सांगते. आम्ही मूळचे अकोल्याचे. मिलिंद आणि मी दोघंही हिंजवडीत नोकरीला आणि राहायला लवळ्यात, सोपानतात्यांच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर तात्या, शेवंताकाकू आणि, तेव्हा तरी, त्यांची एकुलती एक मुलगी प्रियांका. ती पिरंगुटला एका बँकेत आहे. गच्चीवरच्या खोलीत बालाजी, नांदेडचा, सॉफ्टवेअरवाला. जगातल्या कुठल्याही अडचणीवर काहीतरी ऑनलाइन मिळतंच, अशी त्याची श्रद्धा आहे. संध्याकाळी आम्ही सगळे पार्किंगमध्ये जमतो. तिथे तात्यांची बाज टाकलेली असते, दुधाचे कॅन धुऊन उपडे घातलेले असतात आणि काकू चहा आणतात. बिल्डिंगचे सगळे निर्णय तिथे होतात.

*

तात्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी असते. असते म्हणजे कायम असते. धार काढताना, ट्रॅक्टरखाली घुसून नट आवळताना, अगदी दाढी करतानासुद्धा. त्यांच्या भावकीत टोपी उतरते ती फक्त मयताला. एरवी चारचौघांत उघडं डोकं म्हणजे अंगात शर्ट नसल्यासारखंच. आम्ही राहायला आल्यापासून त्यांना बिनटोपीचं कुणी पाहिलं नव्हतं.

एकदा नळाला पाणी येईना म्हणून तात्या गच्चीवर गेले आणि टाकीत वाकून बघताना टोपी पाण्यात पडली. आम्ही सगळे खालीच होतो. वरून फक्त आवाज आला, "कुणी वर येऊ नगा!" आम्हाला वाटलं साप निघाला. मिलिंद काठी घेऊन धावला तर पुन्हा तोच आवाज.

काकूंना मात्र लगेच कळलं. त्या शांतपणे घरात गेल्या, घडीची टोपी घेऊन आल्या आणि बालाजीच्या हातात देऊन म्हणाल्या, तोंड फिरवून जा. बालाजी जिना चढला, गच्चीच्या दारातून उलटा आत शिरला आणि पाठीमागे हात करून, चाचपडत, टाकीपर्यंत गेला. टाकीच्या आडून एक हात आला आणि टोपी घेऊन गेला. पाच मिनिटांनी तात्या खाली उतरले आणि काहीच न झाल्यासारखं सांगितलं की पाणी आहे, कॉक खराब झालाय.

टाकीत पडलेली टोपी कधी बाहेर काढली आणि तोवर ते पाणी कोण कोण प्यायलं, हे आम्ही एकमेकांना अजून विचारलेलं नाही.

*

आता तुम्ही म्हणाल, घालतात तर घालू दे की टोपी, तुमचं काय जातं? आमचंही काही जात नव्हतं. पण एका उन्हाळ्यात ते लग्न झालं.

लग्न होतं थोरल्या आबांच्या नातवाचं. थोरले आबा म्हणजे तात्यांचे चुलत भाऊ, भावकीतले सगळ्यात वडील. त्यांनी नाही म्हटलं की गावात पानसुद्धा हलत नाही. भूगावकडच्या एका लॉन्सवर भर दुपारचं लग्न. जवळच्या सगळ्यांना एकसारखे फेटे. हे फेटे आजकाल बांधत नाहीत, पुठ्ठ्यावर सॅटिन चिकटवलेले तयार मिळतात, आणि एकाच मापाचे असतात. तात्यांचं डोकं जरा मोठं. आबांनी दोन्ही हातांनी दाबून तो फेटा त्यांच्या डोक्यावर बसवला. झाकण बसवतात ना बरणीला, तसा.

आमच्या या भागात मुहूर्ताची वेळ पत्रिकेवर असते ती फक्त शोभेला. त्या वेळेला खरं म्हणजे सत्कार सुरू होतात. माजी सरपंच, आजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, प्रत्येकाला टॉवेल-टोपी, प्रत्येकाचे दोन शब्द. नवरा-नवरी हार धरून उभे आणि माईकवर "मी तुमचा जास्त वेळ घेणार नाही" चालू. तात्या स्टेजवर मान देणाऱ्यांच्या रांगेत होते. कुणीतरी पाणीप्रश्नावर बोलत असताना ते शेजारच्या पाहुण्याच्या अंगावर कलले आणि तिथेच आडवे झाले.

प्रियांका चपला न घालता स्टेजवर धावली. तिनं पहिल्यांदा तो फेटा ओढायला घेतला, पण तो निघेना. काकूंनी तात्यांच्या डोक्यावर आपला पदर धरला आणि मग त्याच्या आडोशाला तो काढला. शुद्धीवर आल्यावर तात्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टोपी कुटंय माजी?"

डॉक्टरांनी सांगितलं, उन्हात उभं राहायचं नाही आणि डोक्याला घट्ट काही बांधायचं नाही, पुढच्या वेळी निभावेलच असं नाही. आणि त्यानंतर काही महिन्यांत प्रियांकाचं लग्न ठरलं. मुलगा, निखिल, चांगला. त्याचा भाऊ सैन्यात. त्याला सुट्टी मे महिन्यात. लॉन्सवाल्यांकडे संध्याकाळ शिल्लक नव्हती, दुपार होती.

मे महिना, दुपार, लॉन्स. आणि मुलीचा बाप म्हणून तात्या सगळ्यांत पुढे उभे. प्रियांका म्हणाली, पप्पांनी फेटा बांधायचा नाही, नाहीतर मी हार घालणार नाही. आबांचं म्हणणं, फेटा नसला तर चालेल एक वेळ, पण मुलीचा बाप उघड्या डोक्यानं उभा राहिला तर लोक काय समजतील? तात्या दोघांचंही ऐकून घेत आणि म्हशींकडे निघून जात. आम्ही भाडेकरूंनी ठरवलं की उन्हाळ्यात सोसेल अशी, पण लग्नात शोभेल अशी टोपी शोधून काढायचीच.

*

शोधाची सुरुवात घरातूनच झाली. काकूंनी पत्र्याची ट्रंक उघडली आणि आम्ही बघतच राहिलो. टोप्याच टोप्या! लग्नात, वाढदिवसाला, रस्त्याच्या उद्घाटनाला जेवढे टॉवेल-टोपीचे मान मिळाले, ते सगळे तिथे होते. टॉवेल वापरून संपले होते. टोप्या कोऱ्याच्या कोऱ्या, कारण मानाची टोपी कुणाच्याच डोक्यात बसत नाही. ती फोटोपुरती वर ठेवायची असते आणि मग पुढच्या लग्नात दुसऱ्याला द्यायची असते.

काकूंची त्यातही एक पद्धत होती. ज्या घरून टोपी आली त्याच घरी ती परत जाऊ नये म्हणून त्या आतल्या शिवणीला रंगीत दोऱ्याचा टाका घालतात. माहेरकडची असेल तर हिरवा, भावकीतली असेल तर लाल, स्वतः विकत घेऊन दिलेली असेल तर निळा. आम्ही एकेक टोपी तात्यांच्या टोपीवर धरून माप बघत होतो. कारण तात्या खालची टोपी काढायला तयार नव्हते. एवढ्यात काकूंचा हात थांबला. त्यांच्या हातातल्या टोपीला आत निळा टाका होता.

म्हणजे काकूंनी कधीतरी कुणाला दिलेली टोपी, कोण जाणे किती लग्नं फिरून, त्यांच्याच घरी मानाची म्हणून परत आली होती. मिलिंद हसून हसून बाजेवरून घसरला. काकू ती टोपी उलटीपालटी करत म्हणाल्या, "लेक तरी दिवाळीला येती. ही बग, किती वर्सांनी आली."

एवढं बोलून त्यांनी ट्रंक बंद केली. त्या दिवशी चहा प्रियांकानं केला.

*

मग बालाजी पुढे सरसावला. पहिल्यांदा त्यानं बॅटरीवर चालणाऱ्या पंख्याची टोपी मागवली. ती घालून तात्या धार काढायला बसले. म्हशीला डोक्याजवळची घरघर आवडली नाही आणि अर्धी बादली दूध सांडलं. ती टोपी रिटर्न झाली.

दुसरी आली ती गवताची हॅट. गोल, रुंद काठाची, वर काळी रिबन. बालाजी म्हणाला, परदेशात उन्हाळ्यातल्या लग्नांत मोठमोठे लोक हीच घालतात, फॉर्मल आहे. खरं सांगते, तात्यांना ती दिसत होती छान. हवाही खेळत होती. पण त्यांना ती घालायला लावायला आम्हाला आठवडा लागला. शेवटी ते म्हणाले, आधी दूध घालून येतो, बघू लोक काय म्हणतात.

टेकडीवरच्या कॉलेजच्या कॅन्टीनला तात्या रोज दूध घालतात. गेटवरचा वॉचमन रोज त्यांना थांबवतो, वहीत सही घेतो, कॅन उघडून बघतो. त्या दिवशी मात्र मोटारसायकल दिसताच वॉचमन उठला, गेट पूर्ण उघडलं आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. वर, कुठल्या डिपार्टमेंटला जायचंय सर, असंही विचारलं.

आम्हाला वाटलं, तात्या खुशीत परत येतील. ते आले, हॅटसकट आत गेले, टोपी घालून बाहेर आले आणि हॅट बाजेवर ठेवून म्हणाले, "इतकी वर्सं दूध घालतोय. माणसाला कवा सलाम केला न्हाई, टोपल्याला केला."

तेव्हापासून काकू त्यात लसूण ठेवतात. हवा खेळती असल्यामुळे लसूण छान टिकतो.

*

आता उन्हाची गोष्ट निघावी आणि अकोल्याची बाई गप्प बसावी, हे कसं शक्य आहे? इकडच्या लोकांना ऊन म्हणजे काय हे माहीतच नाही, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी दर मे महिन्यात ऐकवते. मी सांगितलं, टोपीबिपी काही नको. सुती दुपट्टा ओला करायचा, पिळायचा आणि डोकं, कान, मान सगळं गुंडाळून घ्यायचं. खिशात कांदा. आमच्याकडे नवरदेवसुद्धा घोड्यावर बसेपर्यंत असाच फिरतो.

मिलिंदनं प्रात्यक्षिक करून तात्यांना गुंडाळलं. टोपीसकट, अर्थातच. फक्त डोळे उघडे राहिले. तात्या तसेच काकूंना दाखवायला गेले, तर काकूंनी दाराची कडी आतून लावली आणि आतूनच विचारलं, कोण पाहिजे.

तात्यांनी दुपट्टा सोडला, नीट घडी करून माझ्या हातात दिला. गार वाटलं का, मी विचारलं. गार लई वाटलं, म्हणाले. मग नको का? तर ते म्हणाले,

"ताई, ह्यात माणूस दिसतच न्हाई. पोरगी पाया पडाया वाकली, तर तिला बापाचं तोंड दिसाय नको व्हय?"

मी दुपट्टा झटकून दोरीवर वाळत टाकला.

*

मग सगळ्यांनी मिळून पुण्यात जायचं ठरलं. फेटेवाल्याच्या दुकानात. मऊ सुती कापडाचा, अगदी हलका, डोक्याच्या मापाचा फेटा बांधून ठेवून द्यायचा आणि त्या दिवशी नुसता अलगद चढवायचा, अशी प्रियांकाची कल्पना होती. कल्पना उत्तम होती. दुकानदारही भला माणूस. त्यानं मलमल दाखवलं, टेप काढली आणि म्हणाला, काका, टोपी काढा, माप घेतो.

तात्या म्हणाले, वरूनच घ्या.

दुकानदार समजावत होता, प्रियांका समजावत होती, मी समजावत होते. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं होती, समोर रस्ता होता, आरसे तर चहूबाजूंनी होते. शेवटी दुकानदारानं हात टेकले आणि कडक इस्त्रीच्या टोपीवरून माप घेतलं. आम्ही घरी येऊन पार्किंगमध्ये मोठ्या उत्साहानं डबा उघडला. तात्या फेटा घेऊन आत गेले, टोपी काढून तो घातला आणि बाहेर आले.

म्हणजे फेटा बाहेर आला. त्याच्या खाली फक्त तात्यांची हनुवटी दिसत होती. फेटा नाकावरून घसरून मिश्यांवर टेकला होता. आतून आवाज आला, हवा चांगली लागतीया.

आम्ही इतके हसलो की समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. सगळ्यांत जास्त प्रियांका हसली. हसता हसता ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. मी तिला वर आमच्याकडे आणलं, पाणी दिलं.

"ताई, मला फेटा नको, मान नको, काही नको," ती म्हणाली. "त्या दिवशी ते शेवटपर्यंत उभे राहिले पाहिजेत, बस. ते पडले ना, तर मला माझ्या लग्नातलं तेवढंच आठवत राहील."

लग्न तोंडावर आलं होतं आणि आमच्या हातात काहीच नव्हतं. मला त्या दिवशी पहिल्यांदा खरी भीती वाटली.

*

आमची लेक ओवी तेव्हा काही महिन्यांची होती. काकूंनी तिला एक टोपडं शिवून दिलं होतं. जुन्या, धुऊन धुऊन साय झालेल्या सुती कापडाचं. महागातली टोपी घातली की ओवी भोकाड पसरायची, पण हे टोपडं घातलेलं तिला कळायचंसुद्धा नाही. प्रियांका रडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ओवीला घेऊन खाली बसले होते. काकू तिच्या डोक्यावरून हात फिरवत मला नेहमीचंच सांगत होत्या. "टाळू भरली न्हाई अजून. टाळू भरस्तोवर डोकं झाकायचं. पर दाबायचं न्हाई, वारा लागला पायजे."

बोलता बोलता त्यांनी ओवीचं टोपडं चिमटीत धरून बघितलं. आम्ही दोघींनी एकाच वेळी अंगणात म्हशीला पाणी दाखवणाऱ्या तात्यांकडे बघितलं.

काकू उठून आत गेल्या आणि कपाटाच्या तळातून एक गाठोडं घेऊन आल्या. त्यांच्या लग्नात मामानं नेसवलेली पिवळी साडी. सुती. पिवळेपणा कधीच उडून गेला होता, आता नुसता दुधाळ रंग राहिला होता. अर्धी साडी आधीच कापलेली होती. मी विचारलं, कापलेली अर्धी कुठे गेली? काकू म्हणाल्या, प्रियांका झाली तेव्हा तिचं टोपडं आणि दुपटं ह्याचंच केलं. उरलेलं ठेवून दिलं होतं, कापायला हात होत नव्हता.

मी म्हटलं, माप कसं घ्यायचं? ते टोपी काढणार नाहीत.

काकूंना माझी कीव आली असावी. म्हणाल्या, "दर शनवारी ह्याच हातांनी तेल लावतीया. माप कशाला?"

टोपी झाली. दुहेरी कापडाची, बिनइस्त्रीची, बिनखळीची. तात्यांनी आत जाऊन घातली आणि बाहेर आले. टोपी काही ताठ उभी राहिना, मध्येच मऊ पडली होती. ते बराच वेळ चाचपत राहिले. मग काकूंना म्हणाले, घातली का न्हाई त्येच कळंना. काकूंनी विचारलं, कुठल्या कापडाची आहे ते कळलं का? तात्यांनी मान डोलावली आणि म्हशींकडे निघून गेले.

*

लग्नाच्या दिवशी अकोल्याची असूनही मी कबूल केलं की ऊन आहे. मंडपातले पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते. आमच्या ड्यूट्या लागल्या होत्या. बालाजी ताकाचा तांब्या घेऊन तात्यांच्या मागे, मिलिंद खुर्ची घेऊन बालाजीच्या मागे. थोरल्या आबांनी ती मऊ टोपी बघून विचारलंच की काय रे सोपाना, इस्त्री विसरलास का. पण डोकं झाकलेलं होतं, त्यामुळे पुढे काही म्हणता येईना.

सत्कार सुरू झाले. सरपंच झाले, उपसरपंच झाले, पाणीप्रश्नवालेही झाले. प्रियांका हार धरून उभी होती, पण तिचं लक्ष नवऱ्याकडे नव्हतंच, बापाकडे होतं. तात्या उभे होते. घाम होता, पण उभे होते.

आणि मग जे आम्ही कुणीच गृहीत धरलं नव्हतं ते झालं. माईकवरून पुकारा झाला की आता वरपित्याकडून वधूपित्याचा मान. व्याही पुढे आले. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा, सॅटिनचा, कडक गुलाबी फेटा! मिलिंदनं खुर्ची उचलली. आबा फेटा दाबून बसवायला दोन्ही हात पुढे करून तयारच होते. तेवढ्यात निखिलनं, नवरदेवानं, हार तसाच हातात धरून वडिलांच्या कानात काहीतरी सांगितलं. प्रियांकानं त्याला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. व्याह्यांनी फेटा तात्यांच्या टोपीला नुसता टेकवला, नमस्कार केला आणि तात्यांच्या हातात दिला. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर फेट्याचा लाल वळ उठला होता. ते तात्यांची टोपी बोटांनी चाचपत म्हणाले, "पाहुणे, कुठल्या दुकानातली ही?"

मंगलाष्टकं झाली, तांदूळ पडले. तात्या शेवटपर्यंत उभे होते. माझ्या डोळ्यांतलं पाणी मी घाम म्हणून पुसलं.

*

पाठवणीला निखिलच्या भावानं उघडी जीप आणली होती. फुलांनी सजवलेली, टप काढलेली. हल्ली इकडे तीच पद्धत आहे. फोटो चांगले येतात.

प्रियांका सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. काकू रडल्या, मी रडले, बालाजी ताकाचा तांब्या धरून रडला. प्रियांका जीपमध्ये बसली, ओलं खोबरं ओवाळून टाकलं, जीप लॉन्सच्या गेटपर्यंत गेली आणि थांबली. पुढे रस्त्यावर एक डंपर आडवा झाला होता. पौडपासूनची सगळी वाहनं खोळंबलेली. जीप पुढे जाईना, मागे येईना.

तुम्ही कधी पाहिलंय का असं? पाठवणी झालेली आहे, सगळं रडून झालेलं आहे आणि मुलगी समोरच बसलेली आहे. पुन्हा रडावं की नुसतं उभं राहावं, कुणालाच कळेना. बायकांनी डोळे पुसले आणि जेवण कसं होतं यावर बोलायला सुरुवात केली. प्रियांका एकदा हात हलवून बसली होती, ती आता काय करणार? ऊन सरळ डोक्यावर होतं. केसांतली फुलं मलूल झाली होती आणि कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत उतरलं होतं.

तात्या गर्दीतून निघाले. सावकाश चालत जीपपाशी गेले, पायरीवर एक पाय ठेवून वर झाले, आणि डोक्यावरची टोपी काढली. सगळ्या भावकीसमोर. ती त्यांनी प्रियांकाच्या डोक्यावर ठेवली आणि फुलांवरून, दोन्ही हातांनी, कपाळापर्यंत हळूच ओढून बसवली.

मग ते खाली उतरून तसेच उभे राहिले. भुवयांपर्यंत रापलेला काळा चेहरा आणि त्याच्या वर, कधी ऊन न पाहिलेलं, लहान बाळाचं असावं तसं गोरं डोकं. जेवणाबद्दल बोलणाऱ्या बायकांनी डोक्यावरचे पदर सावरले. माझ्या शेजारी बालाजीनं सवयीनं तोंड फिरवलं.

थोरले आबा काठी टेकत पुढे आले. हाताशी तो गुलाबी फेटा घेऊनच आले. म्हणाले, सोपाना, शुभकार्य हाय, लोक बगत्यात, डोक्यावर घे काय तरी.

तात्यांनी फेट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जीपकडे बघत म्हणाले, "माजी टाळू कवाच भरलीया, आबा. तिला ऊन लागतंय."